पेटी बाद

"पेटी बाद!" एवढं म्हणून काका डोक्यावरचं खेळाचं यंत्र काढायचे, आत अडकलेला चष्मा हलक्या हाताने सोडवायचे आणि तर्जनीने हवेत एक मोठी फुली मारायचे. फुली मारून झाली की बोटं झटकायचे, खडूची भुकटी खरोखरच लागल्यासारखी. मग समोर बसलेल्या माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की तो खेळ आमच्या इमारतीपुरता संपला.

असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. धनकवडीतल्या आमच्या इमारतीत हे गृहस्थ माझ्या बरोबर वर राहायचे. त्यांची जमीन ती माझं छत. मी घरून काम करतो, त्यामुळे त्यांचे पाय माझ्या प्रत्येक मीटिंगला हजर असायचे. मी त्यांना काका म्हणायचो, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांनी चालवून घेतलं नसतं.

नोकरीभर ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथली रीत त्यांनी मला अनेकदा समजावली, मी विचारलं नसताना. पेटीतला एक नग उचलायचा आणि तपासायचा. त्यात दोष निघाला की अख्खी पेटी परत. दारूगोळ्याच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण काका हीच रीत भाजीला, नाटकांना आणि भाच्याच्या लग्नालाही लावायचे. सांगलीच्या एका मुलीने बघण्याच्या कार्यक्रमात चहा जास्त गोड केला, तर भाच्यासाठी सांगलीची पेटी बाद झाली. भाच्याने पुढे स्वतःच लग्न जमवलं आणि वाघोलीला घर घेतलं. धनकवडीपासून त्याहून लांब पुण्यात घर मिळालं नसावं.

तर हे यंत्र. ते काकांसाठी आलंच नव्हतं, हे आधी नीट लक्षात घ्या. ते काकूंसाठी आलं होतं. काकूंचा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जाईना, केस विंचरता येईनात, फळीवरचा डबा काढता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई भिंतीवर बोटं चढवायला सांगून गेल्या. हात हलवला नाहीत तर तो असाच राहील, हेही स्पष्ट सांगून गेल्या. भिंतीवर बोटं चढवण्यात काकूंचं मन काही रमेना. मग परदेशातल्या मुलीने हे यंत्र पाठवलं. डोळ्यांवर बांधायचं, दोन्ही हातांत एकेक बटणांची मूठ धरायची आणि आत दिसेल ते खेळायचं. खेळता खेळता आईचा हात हलेल, असा तिचा साधा हिशेब होता.

वाघोलीहून भाचा आला. त्याने यंत्र सुरू करून दिलं, डझनभर खेळ भरून दिले आणि मामांचा पहिलाच प्रश्न ऐकून चहा न घेता परत गेला. प्रश्न असा होता, "हे सगळे खेळ तपासले कोणी?"

कोणीच तपासले नव्हते. म्हणजे आता कोणी तपासायचे, हे सांगायला नको.

या यंत्राची पहिली अट अशी की खेळण्याआधी जमिनीवर आपली हद्द आखावी लागते. हद्दीबाहेर हातपाय गेला की ते इशारा देतं. लोक साधारण चटईएवढी जागा आखतात. काकांनी सुरक्षिततेचा विचार करून एका फरशीएवढी आखली. त्यामुळे त्यांनी नाक खाजवलं तरी यंत्र ओरडायचं. मला समोर खुर्ची टाकून बसवलेलं असायचं. काकांचा हात काचेच्या कपाटाकडे निघाला की "कपाट!" असं ओरडणं हे माझं काम. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर मीही एका पेटीतच गेलो असतो.

पहिला आला बंदुकीचा खेळ. आत मेलेली माणसं उठून अंगावर येत होती म्हणे. काका त्यांच्याकडे बघेचनात. ते बंदूक उलटसुलट करून न्याहाळत राहिले.

"यात गोळी भरली कधी?"

"काका, ते मागून येताहेत ना?"

"येऊ देत. पण नळी साफ केल्याशिवाय बार काढायचा? कोण शिकवतं यांना?" तेवढ्यात कोणीतरी काकांना मागून खाल्लं असावं. पेटी बाद. बंदुकीचे सगळेच खेळ त्या फुलीत गेले.

मग उंच इमारतीवरच्या फळीचा. त्यात फळीवरून चालत टोकापर्यंत जायचं असतं. काका एक पाऊल चालले आणि बसले. मग सतरंजीला दोन्ही हातांनी धरून पालथे पडले. मी यंत्र काढून दिलं तेव्हा घाम पुसत म्हणाले, "कठडा नाही. एवढ्या उंचीवर कठडा नाही! बांधकामाला परवानगी कोणी दिली?" भीती वाटली हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. उंचीचे सगळे खेळ बाद.

जंगलाचा आला. "वाघ बघायचे तर कात्रजला जाऊन बघू. तिथे निदान ते पिंजऱ्यात असतात." बाद. मासे पकडण्याचा आला. नदी सुंदर होती, हे त्यांनी मान्य केलं. पण गळ टाकायची वेळ आली आणि त्यांनी मूठ खाली ठेवली.

"मासे? या घरात?"

"काका, मासे खरे नाहीत हो."

"सवय खरी लागते."



स्वयंपाकाचा खेळ त्यांनी मोठ्या आशेने लावला. "हा हिला आवडेल," असं म्हणालेसुद्धा. काकू आतून पोळ्या टाकून बाहेर आल्या होत्या, डाव्या हाताने उजवा खांदा दाबत. त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरातून जरा बाहेर पडावं म्हणून पोरीने हे पाठवलं. आणि आत पुन्हा ओटाच?" काकांनी ते ऐकलं नाही. आतला आचारी बटाटा न धुता चिरतो, या कारणावरून त्यांनी खेळ बाद केला. मुष्टियुद्धाचा तर उघडलाही नाही. नाव वाचूनच फुली मारली. "बायकामाणसाने गुद्दे मारायचे?"

तोवर एकच नग पास झाला होता. त्यात एक तळं होतं, तळ्यावर फुलपाखरं होती आणि एक बाई हळू आवाजात श्वास घ्या, श्वास सोडा असं सांगायची. यात हात हलवायची गरज अजिबात नव्हती. ज्या हातासाठी यंत्र आलं तो हात मांडीवर ठेवून काकू त्यात बसल्या आणि घोरायला लागल्या. जागं केल्यावर म्हणाल्या, "मला झोप लागायला यंत्र कशाला हवं होतं? तुमचं बोलणं होतं की." काकांनी ही तक्रार नोंदवून घेतली नाही.

मी एकदा न राहवून म्हणालो, "काका, काकूंना त्यांचं त्यांना निवडू द्या ना. हात तसाच राहील म्हणाल्यात त्या व्यायामाच्या बाई."

ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे न तपासलेला नग बाहेर गेला ना, तर पलीकडे माणूस जायचा. तिच्या हातात मी न तपासलेलं काही देणार नाही." हे त्यांनी इतक्या मनापासून सांगितलं की मला हसताही येईना. प्रेम होतं, यात शंका नाही. फक्त त्या प्रेमाच्या रांगेत काकूंचा हात उभा होता आणि दिवसेंदिवस आखडत होता.

सकाळी खालच्या बागेतून मला त्यांची गॅलरी दिसायची. काकूंचे केस तेव्हा काकाच विंचरायचे. तीन पेड अगदी सारखे हवेत. एक बारीक निघाला की सगळी वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून. काकूंच्या हातातला चहा गार व्हायचा. त्या समोरच्या इमारतीकडे बघत बसायच्या. ते बघून मला खरंच वाईट वाटायचं.

काही दिवस दुपारी छतावर धपाधप व्हायचं, ते मी काकांच्या खात्यात टाकत होतो. आणि मग एका दुपारी ते पुन्हा सुरू झालं. काका नुकतेच ज्येष्ठ नागरिकांच्या चर्चेला गेलेले मी खिडकीतून पाहिले होते. चर्चा म्हणजे ते बोलायचे आणि बाकीचे चहाची वाट बघायचे. मग वर कोण नाचतंय? मी जिना चढून गेलो. दार लोटलेलं होतं.

काकूंनी पदर खोचला होता, सोफा भिंतीला सरकवला होता आणि डोळ्यांवर यंत्र बांधून त्या हवेला गुद्दे मारत होत्या. हद्द चांगली खोलीभर आखलेली.

"काकू?"

"बोलू नका. राउंड संपू दे."

राउंड संपला. यंत्र कपाळावर सरकवून त्यांनी मला बसायची खूण केली. काका चर्चेला गेले की त्या रोज खेळत होत्या. बाद झालेले सगळे खेळ त्यांनी एकेक करून उघडून पाहिले होते. मासे पकडले होते, फळीवरून चालल्या होत्या आणि टोकावरून खाली उडीही मारली होती. "मजा येते हो." पण त्यांना खरा आवडला तो मुष्टियुद्धाचा. पहिले काही दिवस उजवा हात नुसता थरथरायचा म्हणे, डाव्यानेच भागवायच्या.

"काकांना सांगायचं नाही का?"

"कशाला? त्यांची तपासणी चालू आहे ना. चालू देत."

ही व्यवस्था छान चालली होती. सकाळी काका एखादा खेळ बाद करायचे, दुपारी काकू तोच खेळायच्या. एकदा मात्र चर्चेचा हॉल कोणीतरी बारशाला दिला आणि काका लगेच परत आले. मी वरच होतो, काकूंच्या आग्रहावरून कपाट सांभाळायला. दारात काका उभे राहिलेले मी पाहिले. काकूंना दिसणं शक्यच नव्हतं.

मला वाटलं, आता फुली पडणार. काकांनी चपला काढल्या, पुढे आले आणि काकूंच्या पायात येणारं टीपॉय उचलून बाजूला ठेवायला वाकले. तेवढ्यात काकूंनी खालून वर एक ठोसा मारला आणि उजवा हात सरळ डोक्याच्या वर गेला. काका टीपॉय हातात धरून त्या हाताकडे बघत राहिले. "अगं, हात वर गेला!" ते म्हणाले. पुढचा ठोसा त्यांच्या नाकावर बसला.

"कोण आहे?" काकूंनी विचारलं.

"मी आहे."

"मग बाजूला व्हा. शेवटचा राउंड आहे."

आणि सांगायला हरकत नाही, ते बाजूला झाले.

नाक आठवडाभर सुजलेलं होतं. इमारतीत विचारणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "तपासणी म्हटली की इजा होतेच." फुली पुन्हा कधी मारली नाही. दुपारची चर्चा सोडली आणि माझी जागा बळकावली. काकू खेळायच्या आणि काका दोन्ही हात पसरून काचेच्या कपाटापुढे उभे राहायचे. मध्येच विचारायचे, "आता काय दिसतंय?" काकू उत्तर द्यायच्या नाहीत. त्यांना वेळ नसायचा.

एकदा जिन्यात भेटले. "वेणी आता तीच घालते," म्हणाले. आनंदाची बातमी होती, पण तोंड तसं नव्हतं. मी म्हणालो, "बरं झालं की, काका. चहा गरम मिळत असेल काकूंना." मला टोमणा आवरत नाही. त्यांनी तो ऐकून घेतला.

मग म्हणाले, "ते यंत्र लावलं की तिचं तोंडच तेवढं दिसतं, खालचं. काय हसते हो ती! मी पाहिलंच नव्हतं एवढं हसताना. एवढ्या वर्षांत मी काय बघत होतो कोण जाणे."

काय बघत होते ते मी सांगू शकलो असतो. दोष बघत होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी पडले, ते उठले नाहीत. मुलगी आली, दिवस झाले, मुलगी गेली. निघताना ती यंत्र खोक्यात भरून कपाटावर ठेवून गेली, आईला आता त्रास नको म्हणून. आईला विचारलं नव्हतं. घराण्याची रीत ती. माझं छत शांत झालं आणि मीटिंगा बिनआवाजी व्हायला लागल्या. ते मला आवडत नव्हतं, हे मी मान्य करतो.

मग परवा दुपारी पुन्हा धपाधप ऐकू आलं. मी वर गेलो. दार लोटलेलंच होतं. खोकं जमिनीवर उघडं पडलं होतं आणि काकू खोलीच्या मधोमध उभ्या राहून मारत होत्या, उजव्या हाताने, दात आवळून. हसत नव्हत्या. मी कपाटापुढे जाऊन उभा राहिलो. घंटा झाली असावी, कारण त्या थांबल्या आणि यंत्र काढलं. गाल ओले होते आणि आतल्या काचा धुरकटल्या होत्या.

"आत रडू आलं तर पुसता येत नाही हो," पदराने काचा पुसत त्या म्हणाल्या. "समोरचा दिसेनासा होतो."

"मग राहू द्या ना आज, काकू."

"राहू द्या काय? एका राउंडने मागे आहे मी," असं म्हणून त्यांनी यंत्र पुन्हा डोळ्यांवर ओढलं.