जाळीवालीचं हरवलेलं पाणी

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती माझ्याच ओट्याची उंची मोजत होती. हातात टेप, कानावर पेन्सिल. मला वाटलं, पाडापाडीवाल्यांचंच कुणीतरी आलं. मी थेट वरच्या पट्टीत सुरू झाले. ती मान वर न करता म्हणाली, "मावशी, शिव्या द्या, पण जरा सरकून द्या. टेप वाकतेय."

इस्त्रीवालीची थोरली. शिकायला बाहेर होती म्हणून ओळखली नाही. मास्टर्स करत होती, संगणकावर गणितं मांडून पूर, वारा, पूल यांचं काय होईल ते आधीच काढायचं, त्याचं.

"पूर तर आम्हाला फुकटात येतो," मी म्हटलं. "त्यासाठी मास्टर्स कशाला?"

तिने समजावलं. सगळ्या भागावर बारीक चौकोनांची जाळी टाकायची. प्रत्येक चौकोन क्षणाक्षणाला शेजाऱ्याला विचारणार, मला किती पाणी देतोस, माझं किती घेतोस. असे लाखो चौकोन.

"म्हणजे नळावरच्या बायका."

"हो. फक्त ह्या भांडत नाहीत."

तेव्हापासून ती आमची जाळीवाली.

पालिका नाल्याच्या पलीकडच्या काठाला भिंत घालणार होती, तिथल्या नव्या इमारतींसाठी. भिंत उभी राहिली की पाणी आमच्याच अंगावर येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेब म्हणाले, सुनावणीला शास्त्रीय आधार घेऊन या. जाळीवालीचा प्रबंध नेमका हाच होता. भिंत झाल्यावर वस्तीत पाणी किती चढेल? एकदा मुदत वाढवून झाली होती. या खेपेला प्रबंध गेला नाही तर विभागातून नाव कटणार. तिची आई दिवसभर उभी राहून कपडे दाबते, पाय सुजून खांबासारखे झालेत. त्या पायांवर हे शिक्षण उभं होतं.

आणि तिचा रन रोज फुटायचा. रन म्हणजे गणित यंत्रावर सोडणं. विभागातलं मोठं यंत्र सगळ्यांत वाटलेलं. आपला नंबर लागेपर्यंत ताटकळायचं आणि वाट्याचे तास जपून वापरायचे. ती परत यायची ती तोंड पाडून.

"काय झालं?"

"एका चौकोनात पाण्याला विमानाचा वेग आला."

"कुठल्या?"

"तुमच्या मोरीत."

आमच्या गल्ल्या अरुंद, पाणी आधी पातळ पसरतं. पाणी फार पातळ झालं की तिच्या गणितातला भागाकार बिघडायचा, एक आकडा वेडा व्हायचा आणि शेजारच्या सगळ्यांना वेडं करायचा. शेवटी तिच्या सरांनी तोडगा सांगितला. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. म्हणाले, चार बोटांपेक्षा कमी पाणी असेल तो चौकोन कोरडा धर.

तिने धरला. रन पार पडला. पोरगी लॅपटॉप छातीशी धरून आईच्या लाँड्रीत धावत आली. मी तिथेच होते. इतकी हसताना तिला आधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर निळा रंग सुरेख पसरत गेला, नाला भरला, रस्ता भरला.

आईने इस्त्री बाजूला उभी केली. "आपलं घर कुठंय यात?"

"हे काय, इथं."

"कोरडं?"

पोरीने मान डोलावली.

"मग गेल्या वर्षी मी गादी कुणाच्या पाण्यातून काढली गं?"

तिचा चेहरा उतरला. कपड्यांचा ढीग सारून ती तिथेच बसली आणि बेरीज घातली. आत सोडलेलं पाणी एकीकडे, उरलेलं आणि वाहून गेलेलं दुसरीकडे. जुळेना. जवळजवळ तिसरा हिस्सा कुठेच नव्हता.

"मुरतंय कुठंतरी," मी म्हटलं.

"नाही मावशी. मी पुसलंय." ती पडद्याकडे बघत राहिली. "कोरडं धरायचं म्हणजे असलेलं पाणी शून्य करायचं. प्रत्येक चौकोनात, प्रत्येक क्षणी. साठायच्या आधीच पुसत गेले."

आमच्याकडे पाणी लाटेने येत नाही हो. दाराखालून येतं, मोरीतून उलटं येतं, आधी नुसती ओल दिसते. नेमकं तेच तिच्या हिशेबात नाही धरलेलं.

बोटांचं माप कमी केलं की रन फुटे. तसंच ठेवलं की आम्ही कोरडे. मग यंत्रावरचे तिचे तास संपले. बरोबरच्या पोरापोरींकडे उसने मागितले, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती विभागातल्या एसीत स्वेटर घालून नुसती बसून राहायची. एकदा मी डबा घेऊन गेले तर म्हणाली, "मावशी, डोकंच चालेना. मी मुळात ढ असेन का हो?" मी डब्याचं झाकण काढून तो तिच्यापुढे सरकवला.

सर म्हणाले, "चित्र चांगलं आलंय. मर्यादा म्हणून शेवटी एक ओळ टाक आणि सुटून जा."

मी म्हणाले, आजही म्हणेन, "वस्तीवर निळा रंग मार. पाणी येतं हे खरंच आहे ना?"

"खरं आहे. पण मी काढलेलं नाही."

"काढायचं कशाला? कमरेला लागलंय माझ्या!"

"मग सुनावणीत कमर दाखवा. माझं चित्र नको."

असा संताप आला! आमची पोर, आमच्याच गल्लीत मापं घेऊन शिकलेली, आणि ऐन वेळी सोवळं नेसून उभी. मी बोलणं टाकलं.

पण लाँड्रीत जाणं थोडंच टाकलं होतं? तिथे मायलेकींचं ऐकलं. आई विचारत होती, "असंच दिलं तर पास करतील?"

"करतील."

"नोकरी लागेल?"

"बहुतेक लागेल."

आई एकच सदरा पुन्हा पुन्हा दाबत राहिली. "मला नको विचारूस बाई. माझे पाय म्हणतील, देऊन टाक."

पोरीने मान खाली घातली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

तिने पहिल्याच पानावर लिहिलं की या गणितात इतकं पाणी हरवलंय, म्हणून वस्तीबद्दलचं याचं उत्तर कुणी धरू नये. सरांनी सही केली नाही. नाव कटलं.

सुनावणीत मी कमर दाखवली. साहेब बोलायला गोड, म्हणाले, "भावना समजतात, पण आधार?" मग पालिकेच्या सल्लागाराने स्वतः काढलेलं तसंच चित्र भिंतीवर लावलं. नाला निळा, रस्ता निळा, वस्ती पांढरीशुभ्र. मी उठून ओरडले, "आत सोडलेलं पाणी आणि उरलेलं जुळतंय का, ते सांगा आधी!"

"बाई, खाली बसा. पुढचा विषय."

भिंत मंजूर झाली. पलीकडे खडीचे ट्रक लागले. जाळीवाली आता आईच्या शेजारी उभी राहून कपडे दाबते. गिऱ्हाईक विचारतं, शिक्षण झालं का? ती म्हणते, कॉलर कडक हवी की मऊ?

परवा दुपारी ती माझ्या दारात आली. कानावर पेन्सिल. टेपचं टोक पुढे करून म्हणाली, "धरा."

"आता काय?"

"भिंतीच्या पायाने नाला अरुंद झालाय. मापं बदलली. जाळी पहिल्यापासून बांधावी लागेल."

"यंत्र कुठंय तुझ्याकडे?"

"नाही."

"कुणाला देणारेस?"

"माहीत नाही. धरा ना मावशी, टेप वाकतेय."

तोंडात शिव्या आल्या होत्या. द्यायच्या कुणाला? पदर खोचला आणि टोक धरलं.