आत्याचा आखरी भाव

आमच्या आत्याने आयुष्यात कुठलीच वस्तू पहिल्या भावात घेतली नाही. समोरच्याने भाव सांगितला की ती निम्मा मागायची आणि तो नाही म्हणाला की पदर सावरून सरळ चालू लागायची. बालाघाटच्या बाजारात वांगीवाल्या रुक्माशी तर तिचं दर आठवड्याला भांडण. चार पावलं गेली की मागून रुक्माची हाक यायचीच, "ये वं आत्या, घेऊन जाय!" मग आत्या वळायची आणि वर मूठभर मिरच्या फुकट मागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"लाजतं काहून? हाक येतेच. आपल्याले फक्त पाठ फिरवता आली पाह्यजे," ती म्हणायची. याच जोरावर तिने, विधवा बाईने, मला वाढवलं आणि शिकवलं. त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "मांजी, गोला बदलना पड़ेगा. जल्दी करना ठीक रहेगा." खर्च मोठा होता, पण पैशांची सोय मी केली. स्ट्रेचरवरून आत्या म्हणाली, "डाक्टर साब, आखरी भाव बोलो."

डॉक्टर हसले.

"नया नहीं होना. पुराना पड़ा होगा तो वोही डाल दो."

डॉक्टर हसायचे थांबले. त्यांनी समजावलं, मी हात जोडले, पण बाई ऐकेल तर शपथ. "मले घरी ने," एवढंच तिचं पालुपद. शुद्धीतल्या माणसाला जबरदस्तीने कापता येत नाही. घरी नेताना, दुखण्याने तोंड वाकडं झालेलं असतानाही, तिने मला डोळा मारला. "पाह्यजो, उद्या फोन येते."

मग उशाशी फोन आणि दिवसभर एकच प्रश्न, "डाक्टरचा आला काय रे?" दवाखाना म्हणजे वांग्यांचं दुकान नव्हे, हे सांगून माझी बायको थकली. मी ओरडलो. आत्या म्हणाली, "माया जुन्या हाडापायी तुया पोरीचं शिक्षण काहून बुडवतं?" माझेच पैसे वाचवायला निघाली होती, म्हणून तर आणखी संताप यायचा.

शेवटी मी थाप मारली. "आत्या, डॉक्टरचा फोन आलता. अर्ध्यात करतो म्हन्ते."

तिचे डोळे चमकले. "अर्ध्यावर आला? मंग थांब. अजून उतरते."

मी कपाळावर हात मारून घेतला.

पडून पडून तिच्या छातीत कफ भरला. धाप लागल्यावर उचलून नेली, तेव्हा डॉक्टरच नको म्हणाले. आता भूल सोसणार नव्हती. आठवड्याभरात आत्या गेली. ऑपरेशनचे पैसे तसेच राहिले. त्यांच्याकडे पाहिलं की मला अजून तिचा राग येतो.

तिला उचलायच्या वेळी रुक्मा आली. ओच्यातली वांगी तिने आत्याच्या पायाशी ठेवली. आम्ही खांदा दिला, निघालो, आणि मागून तिचा रडका आवाज आला, "ये वं आत्या, घेऊन जाय! तुयाच भावात घेऊन जाय!"

आत्या वळली नाही.