समोरच्या बराकीतली चूल

आजोबा गेले त्या सकाळी आमच्या पाड्यात खांदा द्यायलाही पुरेशी माणसं नव्हती. वांगणीला निरोप धाडला होता... तिथून भाऊबंद येईपर्यंत दुपार होणार होती.

पाडा आताच्या उल्हासनगरातला. शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. लढाईच्या काळात लष्कराने छावणीच्या बराकींसाठी भोवतालची जमीन घेतली. पुढे फाळणी झाली, त्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आमचे लोक एकेक करून वांगणीकडे गेले. आजोबा हलले नाहीत, म्हणून आम्हीही राहिलो. मी तेव्हा चौथीत होते, आणि खेळायला कोणीही नव्हतं.

पाड्याचा एक नेम होता. कोणी गेलं की घरातल्या पोराने दारोदार जाऊन सांगायचं आणि प्रत्येक घराने चूल विझवायची. माणसं स्मशानातून परतून आंघोळ करेपर्यंत कुठेही धूर दिसता कामा नये. गेलेल्याचा तेवढा मान.

त्या दिवशी सांगायला दारंच नव्हती... आणि समोरच्या बराकीतून फोडणीचा वास येत होता. मला ते सहन होईना. तडक गेले आणि बाजारात ऐकलेल्या हिंदीत सुनावलं, "हमारे आजोबा मर गए. चूल्हा बुझाओ!"

दारातला म्हातारा हसला. "लो, थानेदारनी आ गई!"

"चुप करो जी, बच्ची के घर मौत हुई है," आतली बाई त्याच्यावर खेकसली. तिला सगळे अम्मा म्हणत. मग तिने शेजारणींना हाका मारल्या.

मला वाटलं, आता विझवतील. उलट आणखी दोन शेगड्या पेटल्या... त्यांच्याकडे दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी रांधून द्यायची रीत. मी ओरडत राहिले, त्या रोट्या लाटत राहिल्या.

संध्याकाळी बा स्मशानातून आला, आंघोळ केली. डाळ-रोटीचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं. आईने ते घरात घेतलं नव्हतं. मी रागारागाने सगळं सांगितलं.

बाने पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाला, "आनखी कुनाकरं गेलतीस सांगाला?"

"कुनाकरंच नाय. समोरच फकस्त."

"मंग झाला. तवराच गाव हाय आता." आणि त्याने पातेलं उचलून आत नेलं.

भाऊबंद स्मशानातूनच वांगणीला परतले होते; आम्ही तिघं जेवलो. मला भूक लागली होती, आणि त्या भुकेचाही राग येत होता. अम्माचे उपकार मी मानते. तिने तिच्या रीतीने आजोबांचा मान राखला.

पण जेवताना मला एक कळलं. पाडा आजोबांच्या आधीच गेला होता... आणि त्याच्यासाठी कोणीच चूल विझवली नव्हती.