बापाची सुई

बाळ पोटात हलायला लागलं त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या सिस्टरने मला पडद्यामागे नेलं. रक्ततपासणीत सिफिलिस निघाला होता, आमच्याकडे ज्याला गरमी म्हणतात तो. मला ना ताप, ना पुरळ. सिस्टर म्हणाली, "उपचार केले नाहीत तर बाळ पोटातच दगावू शकतं. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं घ्या. नवऱ्यालाही लागेल, नाहीतर तुम्हाला पुन्हा होईल."

नवरा अंबडच्या कारखान्यातून घरी आला आणि मी चहाही न देता सांगून टाकलं. भिंतीकडे बघत तो म्हणाला, "माझं लग्नाआधीचं असेल." मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनातच, कारण पलीकडे सासूबाई मेथी निवडत होत्या.

पंचवटीतल्या त्या दवाखान्यात गरोदर बायकांसोबत सासू आत येते, नवरे फाटकाबाहेर गाडीवर बसतात. माझ्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मात्र माझा नवरा आत आला, बायकांच्या बाकावर अंग चोरून बसला आणि नंतर कंबर चोळत बाहेर आला.

"तुला कशाला रे सुई?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, बाळासाठी. आई-बाप दोघांचंही रक्त बघतात, दोघांनाही घ्यावी लागते."

"बरंच हाय की! बाप काय निस्ता पेढे वाटायला असतो?"

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. भाकरी थापताना मध्येच थांबून पोटावर हात ठेवायचे. माझ्या कमरेत टोचलेलं औषध त्या इवल्या जिवापर्यंत जातं, याचं नवल काही केल्या ओसरत नव्हतं.

मुलगी झाली. तिचं रक्त तपासायला नेलं. सिस्टर हसतच आली. "लागण नाही. पण पुढेही दाखवत राहा." मी ढसाढसा रडले. नवरा दारात उभा होता. त्याला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

सासूबाईंनी मात्र गल्लीत नियमच करून टाकला. कुणाच्या सुनेला दिवस गेले की या तिच्या दारात हजर. "पोराला बी धाड संगं. आता दोघांचं रगत बघत्यात. लय महत्त्वाचं हाय."

परवा लेकीला लस द्यायला गेले. त्याच बाकावर आमच्या गल्लीतले दोघे, आपापल्या बायकांशेजारी, माना खाली घालून बसले होते. मी लेकीला छातीशी धरून बघतच राहिले. एकाने तर आधीच बाही वर करून ठेवली होती.