सातही वारांचे उपास

समस्त नांदेडकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या शेजारच्या घरात सोमवार ते रविवार अखंड उपास पाळला जातो. पाळणाऱ्या एकट्या आत्याबाई. जाहीर करणारी त्यांच्या भाच्याची बायको.

आत्याबाई मुदखेडकडच्या खेड्यातल्या. मूलबाळ नाही. खुबा मोडल्यापासून भाच्याकडे, मागच्या पडवीतल्या बाजेवर असतात. "जेवल्या का गं आत्याबाई?" असं मी भिंतीवरून विचारलं की ही सूनबाई कपडे वाळत घालता घालता सांगायची, "आज सोमवार हाय ना त्यांचा, काकू." मंगळवार देवीचा. एकदा बुधवारही निघाला.

"बुधवार कोणत्या देवाचा गं?" मी अगदी भाविक चेहरा केला.

"त्यांनाच ठावं!"

आता उपासात माझा अधिकार मोठा. म्हणजे फराळाच्या बाजूनं. मला कोडं पडलं. एवढे उपास, आणि त्या घरातून शेंगदाणे भाजल्याचा वास कधीच कसा येत नाही? शिवाय आत्याबाईंच्या मनगटातली बांगडी हल्ली कोपराकडं सरकायला लागली होती.

एकादशीला भाचा-सून बाहेर गेलेली बघून मी भगर-आमटीची ताटली घेऊन मागच्या दारानं शिरले. आत्याबाईंनी ताटली बोटानं पुसून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "भाकर न्हाई का गं?"

"आत्याबाई! एकादस हाय आज!"

"असंल माय. शुगरच्या गोळ्या लागल्या तवाच डॉक्टरनं माझे उपास सोडवले."

"मग हे रोजचे?"

"ते सूनबाईचे. करून राहिले मी." त्यांनी दाराकडं बघितलं. "खाल्लं की मोरीत न्यावं लागतंय ना मला."

मी बडबडी बाई. पण या वेळी आधी त्यांनाच विचारलं.

"सांगू का कुणाला?"

पदराचं टोक पिळत त्या म्हणाल्या, "सांग. पण माझ्या म्होरं सांग. माझ्या माघारी नको."

म्हणून त्यांच्या बाजेवर बसूनच मी ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पुरावा द्यावा लागेल, या भीतीनं मी भलंमोठं भाषण तयार ठेवलं होतं. पलीकडच्या बाईंनी ते अर्ध्यातच थांबवलं आणि साधंच विचारलं: गोळ्या कोण देतं, शेवटचं कधी जेवल्या, आत्ता बोलता येतंय का. मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला.

घरी आमचे हे म्हणाले, "लोकाच्या घरात कशाला नाक खुपसतीस?"

"वास येईना म्हणून!"

दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनच्या बाई आल्या, सोबत एक महिला पोलीस. सूनबाई आधी भडकली, "काकू, तुमीच लावलं ना हे?" मग मटकन खाली बसली. "उचलून उचलून कंबर गेली माझी. हे तर हातसुद्धा लावत न्हाईत." भाचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा. मदतीला बाई मिळू शकते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. पण त्याआधी आत्याबाईंची तपासणी होईल, आणि कुठं राहायचं ते त्या स्वतःच ठरवतील, हेही बजावलं.

मग पोलीसबाईंनी खुर्ची बाजेजवळ ओढली. "आजी, पूर्ण नाव सांगा. वय? इथं कधीपासून राहता? तुम्हाला कुणाविरुद्ध..."

आत्याबाई कडाडल्या, "आधी वाढ गं बाई, मग इचार!"