आडवं धनुष्य आणि दाजींचं धोतर

सणसरला दाजींकडं मी आठ दिवसांसाठी आलो होतो, त्याला तेव्हा चौथं वर्ष चालू होतं.

माझं गाव नांदेडकडं. आठवीत शाळा सुटली (खरं तर शाळाच माझ्यातून सुटली) आणि ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे दाजींनी, मला बारामतीत वेल्डिंगच्या कामाला लावलं. राहणं-जेवण त्यांच्याकडं. उपकार एवढे, की दुसरी भाकरी मागायच्या आत मी ताट उचलून उठायचो. त्या साली रानडुकरांनी दाजींच्या उसाचा पार चोथा केला आणि मला वाटलं, आता फेडायची वेळ आली.

सणसरला डुकराची शिकार ऊसतोडीच्या शेवटच्या दिवशी व्हायची. फड चहूबाजूंनी तोडत आणला की डुकरं मधल्या चार सऱ्यांत कोंडतात. मग एका तोंडाला वाघर, म्हणजे जाड दोरीचं जाळं लावायचं. बाकी बाजूंनी कुत्री आणि काठ्या. वाघर शेजारच्या तात्यांची. पण मी वर्कशॉपच्या रद्दीत एका परदेशी शिकाऱ्याचा फोटो पाहिला होता. बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य! जीपचा पाटा, क्लचची वायर आणि दोन महिन्यांचे रविवार घालून मी तसंच बनवलं. दाजींना पटवलं, की बंदुकीला लायसन लागतं (याला लागतं का, हे मी कुणाला विचारलंच नाही), आवाजानं डुकरं पांगतात. वाघरीला वीस माणसं लागतात. साधं धनुष्य ताणून धरलं की हात थरथरतो. हे एकदा ताणून अडकवलं, की घोडा दाबेपर्यंत निवांत.

तात्यांनी हत्यार उलटंपालटं करून पाहिलं. "आन् दुसरा बाण?"

"लागायचाच न्हाय," दाजी म्हणाले.

दुसऱ्या बाणासाठी पुढच्या कडीत पाय घालून, दोन्ही हातांनी, कंबर मोडेस्तोवर वायर ओढावी लागायची. हे मी दाजींना सांगितलं नव्हतं. शिकारीच्या दिवशी सकाळी ताईनं मला बाजूला घेतलं. "आज त्यांची मान खाली गेली, तर उद्याची एसटी धर."

दुपारी चार सऱ्या उरल्या. तात्यांनी आपली वाघर तरीही एका तोंडाला लावलीच होती. दाजी बैलगाडीला टेकून उभे, चार पावलांवर मी. कुत्री अचानक गप्प झाली. ऊस हलला. थांबला. पुन्हा हलला, पण माझ्या उजवीकडं, दाजींच्या बाजूला. मी गर्रकन वळलो आणि घामेजलं बोट घोड्यावर दाबलं गेलं.

बाण अजिबात आवाज न करता गेला. (तेवढं मात्र फोटोतल्यासारखं झालं.) दाजींच्या धोतरातून आरपार, थेट गाडीच्या फळीत. आणि त्याच क्षणी उसातून वासराएवढं डुक्कर बाहेर पडलं, सरळ दाजींच्या रोखानं.

माणसं पांगली. मी कडीत पाय घालून दुसऱ्या बाणासाठी वायर ओढायला लागलो. दाजींनीही पाय उचलला, पण धोतर ताणलं गेलं.

"सोडीव मला," ते ओठ न हलवता म्हणाले.

"दाजी, हात वायरीत अडकल्यात."

डुक्कर दहा हातांवर आलं. दाजी जागेवर ताठ. माणूस पळत नाही, हे त्या जनावरानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. ते थबकलं, फुरफुरलं, वळलं आणि तात्यांच्या वाघरीत जाऊन पडलं.

"जागचा हालला न्हाय गडी!" तात्या ओरडले. लोक दाजींना खांद्यावर घ्यायला धावले. दाजींनी सगळ्यांना लांबूनच थोपवलं, म्हणाले, मी जरा हितंच हुबा राहतो. माणसं पांगल्यावर मी पकडीनं बाण उपटला.

मला दुसऱ्याच दिवशी घालवायचं त्यांनी ठरवलं होतं, हे ताईनं पुढं सांगितलं. पण घालवायचं, तर का, ते गावाला सांगावं लागलं असतं. लग्न होईपर्यंत मी तिथंच राहिलो. आडव्या धनुष्यानं मी आयुष्यात एकच जीव खिळवला, आणि तो मला अजून जेवायला बोलावतो.