गोधडीच्या कोपऱ्यातला तुकडा

मला कोणी आर्टिस्ट म्हटलं की अजूनही मी मागे वळून बघते, नक्की कोणाला म्हणतायत म्हणून. गोधडी शिवायला मला कोणी शिकवलं नाही. आई शिवायची आणि मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे, तेवढंच. इकडे अमेरिकेत, अर्विंगला लेकीकडे राहायला आल्यावर दुपार सरता सरेना, म्हणून स्वतःच्या जुन्या साड्यांची एक शिवली. लेकीने तिचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि झालं. कोणाच्या आईची साडी, कोणाच्या आजीचं लुगडं, कुरियरने घरी यायला लागलं. लेकीने यादी केली, प्रत्येकाला तारीख दिली.

"आई, तू आता बिझनेस आहेस," म्हणाली.

मजा वाटली, खोटं कशाला सांगू. या वयात कोणीतरी आपली वाट बघतंय. पण हळूहळू असं व्हायला लागलं, की टाका हातातल्या गोधडीत आणि डोकं पुढच्या. पूर्वी मी शिवताना साडीशी बोलायचे. आता घड्याळाशी बोलायला लागले. ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "आज कोणाशी भांडतेयस?"

आमच्या आईची एक रीत होती. शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी आत वाळलेल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. गोधडी उपाशी जाऊ नये. लेक म्हणते, मुंग्या लागतील. मी ठेवतेच, आणि घेणाऱ्याला आधी सांगतेही.

जवळच्याच अपार्टमेंटमध्ये नागपूरची एक मुलगी राहते, लॅबमध्ये काम करते. तिची आई गेल्या वर्षी गेली. तिने तीन साड्या आणल्या होत्या. त्यातली निळ्या काठाची पांढरी साडी तिची आई दर चौदा एप्रिलला, जयंतीला, नेसायची. "काकू, ही उशाकडे येऊ द्या." भाकरीचं सांगितलं तर हसली. "माझ्या आईने कोणाला उपाशी सोडलंच नाही कधी."

गोधडी दिली शुक्रवारी. सोमवारी सुईचा डबा उघडला, तर तिच्यासाठी काढून ठेवलेला तुकडा तिथेच. घाईत मी कोपरा तसाच बंद केला होता.

"तिला कसं कळणार?" लेक म्हणाली. "उसवून थोडीच बघणार आहे?"

बरोबर होतं तिचं. पण दोन दिवस मला सुई धरवेना. शिकलेल्या लोकांकडे सर्टिफिकेट असतं. माझ्याकडे एवढंच होतं, की सांगते तसं करते. तेच गेलं तर उरलं काय?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांना म्हटलं, गाडी काढा.

"कुठे?"

"भाकरी द्यायला."

ह्यांनी किल्ली घेतली. जन्मात पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला नाही.

मुलीने दार उघडलं. आत पलंगावर गोधडी, पांढरी बाजू उशाकडे. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "अगं, माझी चूक झाली. उपाशीच पाठवली मी तुझी गोधडी."

ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, काकू. चारही कोपरे चाचपून बघितले मी. पण एवढ्यासाठी तुम्हाला फोन कसा करायचा?"

मी पलंगाच्या कडेला बसले आणि पिशवीतून कात्री काढली.

कोपरा उसवला. "मी ठेवू?" तिने विचारलं आणि तुकडा स्वतःच्या हाताने आत सरकवला. दहा टाक्यांचं काम, तास लागला, कारण ती आईबद्दल सांगत होती आणि मला उठायचं नव्हतं. ह्यांनी तिच्या हातचे पोहे खाल्ले आणि सोफ्यावर घोरले.

घरी आल्यावर लेकीला सगळ्या तारखा काढून टाकायला लावल्या. एका वेळी एकच गोधडी.

"लोक थांबणार नाहीत, आई."

"नाही तर नाही."

काही नाहीच थांबले. बरेचसे थांबले. आता सकाळी ह्यांच्याबरोबर फिरून येते, दुपारी शिवते, आणि कोपरा बंद करायच्या आधी जिची गोधडी तिला फोन लावते. परवा जर्सी सिटीची एक मुलगी मीटिंगमधून उठून व्हिडिओवर आली. मी तुकडा दाखवला.

"काकू," ती म्हणाली, "जरा मोठा ठेवा ना. आमच्या आजीला भूक फार."